आमच्या गावचा डी सिका

अमरावतीत पत्ता सांगायचा तर टॉकीजचं नाव घ्यावं लागतं. प्रभात चौक, चित्रा चौक, श्याम चौक. सिनेमा पाहणारे घरी टीव्हीसमोर बसले, पण चौकांनी नावं सोडली नाहीत. ऑटोवाल्याला "चित्रा चौक" म्हटलं की तो फक्त भाडं सांगतो, बाकी काही विचारत नाही. एवढ्या सिनेमावेड्या गावात जन्मलेला दिग्दर्शक मात्र गावालाच ओळख करून द्यावा लागतो. गजानन जागीरदार. जन्म अमरावती, २ एप्रिल १९०७.

अकोल्याच्या आमच्या साडभाऊंना हे नाव सांगितलं, तर म्हणाले, "जागीरदार? तहसीलदार असन कोनी!" अमरावतीचं मोठेपण अकोलेकराला सहसा पचत नाही. पण इटलीचा व्हित्तोरिओ डी सिका त्यांना पाठ. मग मीही म्हटलं, चला, रोमवरूनच अमरावतीला येऊ.

डी सिका मुळात नट. १९३० च्या दशकात इटलीतल्या बायकापोरींचा लाडका देखणा हिरो. पुढे कॅमेऱ्यामागे गेला आणि १९४८ मध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' केला. अमेरिकेतला निर्माता पैसे द्यायला तयार होता, अट एकच : नायक कॅरी ग्रँट हवा. डी सिकानं नायक म्हणून घेतला एक कारखान्यातला कामगार. त्यातला हॉटेलचा प्रसंग आठवा. सायकल गेलेली, खिसा फाटका, तरी बाप पोराला घेऊन जेवायला बसतो. पोरगं चीजची तार ओढत खातं आणि मान वळवून मागच्या टेबलावरच्या श्रीमंत पोराकडे बघतं. संवादाची गरजच नाही. असे सिनेमे काढायला पैसा लागतो, म्हणून हा बाबा दुसऱ्यांच्या बऱ्यावाईट सिनेमांत तोंडाला रंग फासून उभा राहायचा. त्यात जुगाराचाही नाद, म्हणजे रंग पुसायला फुरसत नाहीच.

आमचे जागीरदारही असेच दोन्ही घरचे. 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'रामशास्त्री'चं (१९४४) दिग्दर्शन राजा नेने यांच्याकडून विश्राम बेडेकरांकडे आणि तिथून जागीरदारांकडे आलं. पेशवाईत कारभारी बदलावेत तसे दिग्दर्शक बदलले. शेवटी जागीरदारांनी सिनेमा पूर्ण केला आणि पेशवा रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे न्यायाधीश रामशास्त्रीही तेच झाले. दिवसभर इतरांना "कट" म्हणायचं आणि मध्येच स्वतः उभं राहून पेशव्याला दरडावायचं, हे काम सोपं नाही.

त्याआधी शांतारामबापूंच्या 'शेजारी'त (१९४१) ते मिर्झा झाले होते. हिंदी 'पडोसी'त तर मजाच : मिर्झा जागीरदार आणि ठाकूर मझहर खान. धर्मांची अदलाबदल करून दोघांनी शेजारधर्म मात्र चोख पाळला. 'गाइड'मध्ये (१९६५) देव आनंदला स्वामी मानणारा भोळा भोला जागीरदारांचाच. पुढे दूरदर्शनवर रणजित देसाईंच्या 'स्वामी'ची मालिका त्यांनीच दिग्दर्शित केली. स्वामी काही त्यांची पाठ सोडेनात.

पुण्यात 'प्रभात' स्टुडिओच्या जागेवर सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट काढलं, त्याचेही पहिले प्रमुख जागीरदारच. जिथं रामशास्त्री होऊन न्याय दिला, तिथंच मास्तर होऊन बसले.

एवढं ऐकून साडभाऊ म्हणाले, "बरं, 'गाइड'मधला तो गावकरी ना? मंग आधीच सांगायचं!" इथंच सगळी गोम आहे. नटाचा चेहरा ध्यानात राहतो, दिग्दर्शकाचं नाव पाटीवर येतं तेव्हा आपण खुर्ची शोधत असतो. डी सिकाच्या बाबतीत जगानं ही चूक दुरुस्त केली. जागीरदारांच्या बाबतीत ती दुरुस्ती वऱ्हाडानंच करायला हवी, कारण पुणेकर आपणहून अमरावतीचं नाव घेतील ही आशा धरण्यात अर्थ नाही.

तेव्हा अमरावतीतल्या एखाद्या शाळेनं किंवा वाचनालयानं येत्या २ एप्रिलला 'रामशास्त्री' दाखवावा. अकोलेकरांनी मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून यावं. ऊन दोन्ही गावांत सारखंच असतं. कूलरचं आम्ही बघून घेऊ.