फरककाका

त्यांचं आडनाव खालच्या टपालपेटीवर लिहिलेलं आहे, पण ते पोस्टमनपुरतं. बाकी सोसायटीला ते फरककाका. हे नाव कोणी ठेवलं ते ठाऊक नाही. ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. दिवसातून दहादा तरी काका उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर उभी धरतात आणि म्हणतात, "फरक आहे."

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत असा एक गृहस्थ सापडतो. बँकेतून निवृत्त, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं स्वतःसाठी, लाल दुसऱ्यांच्या इंग्रजीसाठी. हे लोक मराठीत काहीही खपवून घेतात. इंग्रजीत मात्र दोन शब्दांचा अर्थ एकच आहे असं म्हणालात, की त्यांच्या घरावर जप्ती आल्यासारखे कासावीस होतात. मागे सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलं होतं, लिफ्ट कन्टिन्युअसली बंद पडते आहे, तरी तक्रार केली आहे. काकांनी लाल पेनाने ते 'कन्टिन्युअली' केलं आणि खाली थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावलं, "कन्टिन्युअस म्हणजे मध्ये खंड नाही. ही मधूनमधून चालू होते ना? मग कन्टिन्युअल." ऐकणारे पाच मजले जिना चढून-उतरून आले होते, त्यांना ते पटलं असावं. निदान बोलायला दम उरला नव्हता.

माझी पाळी आली डिसेंबरातल्या एका सकाळी. दूध आणायला खाली उतरलो, समोरची इमारत अर्धी पुसल्यासारखी झालेली. मी सहज बोलून गेलो, "काय फॉग पडलाय आज!"

मागून आवाज आला, "मिस्ट."

वळून पाहायच्या आत तर्जनी उभी राहिली होती. दूध नासेल म्हणालो, तर काका म्हणाले, थंडी आहे, नासणार नाही. आणि मग मला कळलं की फॉग आणि मिस्ट दोन्ही म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंबच. पदार्थ एक, कृती एक. फरक एवढाच की एक हजार मीटरच्या आत दिसेनासं झालं तर फॉग, त्याच्यापुढे दिसत असेल तर मिस्ट. "म्हणजे नऊशे नव्व्याण्णव मीटरला फॉग आणि हजाराला मिस्ट?" मी विचारलं. मला वाटलं, मी त्यांना पेचात पकडलं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र हुशार विद्यार्थी मिळाल्याचा आनंद पसरला. "करेक्ट!" मग त्यांनी हेझ काढलं. ते कोरडं, धुळीचं, धुराचं. धूर आणि फॉगची युती म्हणजे स्मॉग. 1952च्या डिसेंबरात लंडनमध्ये तो पाच दिवस बसला आणि हजारो माणसं दगावली. विमानतळाच्या हवामान-संदेशात मिस्टला बीआर लिहितात, कारण तो फ्रेंचांचा 'ब्रूम'. आणि जर्मन माणसासमोर मिस्ट म्हणू नये, त्यांच्या भाषेत मिस्ट म्हणजे शेण. तोवर पिशवीतलं दूध हातात कोमट झालं होतं.

"पण काका, हजार मीटर मोजायचे कसे?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. काका मला गच्चीवर घेऊन गेले. कठड्याला त्यांनी खडूने बाण काढून ठेवले होते. एक बाण शाळेच्या घंटेकडे, दोनशे मीटर. एक पाण्याच्या टाकीकडे, सहाशे. एक टेकडीवरच्या मोबाइलच्या मनोऱ्याकडे, बाराशे. हवामान खात्याचे निरीक्षक असंच करतात म्हणे, अंतर ठाऊक असलेल्या खुणा बघायच्या. रोज सकाळी साडेसहाला काका उभे राहून बघत. मनोरा पुसट दिसला तर मिस्ट. मनोरा गायब, टाकी दिसते, तर फॉग. टाकीही गेली आणि घंटासुद्धा दिसेना, तर डेन्स फॉग. सगळं एका लांबट वहीत, निळ्या पेनाने.

काकूंचं माहेर निफाडकडचं. त्या या सगळ्याला एकच शब्द वापरतात, धुई. "भावाचा फोन होता. धुई पडली म्हणे रात्री, डावणी रोगाची फवारणी घ्यावी लागणार." द्राक्षबागेवर धुई बसली की भावाची झोप उडते, धुईने टाकी दिसू दिली का हे त्याने आजवर पाहिलेलं नाही. काका म्हणतात, मराठीत अचूकपणा नाही. मला यात गंमत वाटते. अक्षर पुसट असतं, दिवा अंधुक असतो, आठवण धूसर असते, आभाळ मळभलेलं असतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी टाकून बघा, काकांच्याच कानाला खटकेल. पण हे फरक त्यांना फुकट मिळालेत, म्हणून त्यांच्या वहीत नाहीत.

जुलैत सोसायटीची सहल महाबळेश्वरला निघाली. वाई सोडली आणि पसरणीच्या घाटात बस पांढऱ्या अंधारात शिरली. वायपर किरकिरत होता, मागच्या सीटवरच्या भेंड्या आपोआप थांबल्या. अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात. काका उठून ड्रायव्हरच्या केबिनपाशी जाऊन उभे राहिले.

"हा खरं तर ढग आहे," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "वाईतून बघणाऱ्याला आपण ढगात. आपल्यापुरता मात्र हा फॉग. जमिनीला टेकला की ढगाचं नाव बदलतं."

ड्रायव्हर सातारचा. त्याने मान न वळवता विचारलं, "काका, तुमास्नी म्होरं काय दिसतंय का?"

"पन्नास मीटरच्या आत. म्हणजे व्हेरी डेन्स."

"मंग नाव तुमी ठेवा. मला निस्ता पांढरा पट्टा दिसू द्या. जरा बाजूला व्हा."

काका बाजूला झाले. जागेवर येऊन बसले तेव्हा मला हळूच म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण शास्त्राची आवड नाही."

त्या पावसाळ्यानंतर वहीतल्या नोंदी दाट होत गेल्या. मिस्ट, मिस्ट, फॉग, मिस्ट. ऑक्टोबरात, आम्ही सगळे उकाड्याने पंख्याखाली पडलेलो असताना, काकांनी सलग नऊ दिवस मिस्ट नोंदवलं. दहाव्या दिवशी फॉग. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, 'पुण्याची घटती दृश्यमानता', आणि ते छापूनही आलं. कात्रण फळ्यावर लागलं. ते वाचून काकू म्हणाल्या, "अहो, बाहेर कडकडीत ऊन आहे. कपडे दोन तासांत वाळतात." काका म्हणाले, "कपडे वाळणं आणि दृश्यमानता, फरक आहे."

मग एका संध्याकाळी त्यांनी लिफ्टमध्ये मला वाकून नमस्कार केला आणि "वहिनी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. सोबत मी होतो.

डॉक्टर तरुण होते, बाहेर गर्दी होती. त्यांनी नेहमीच्या सवयीने विचारलं, "काका, ब्लर्ड दिसतं की हेझी?"

काकांनी एकदम उत्तर दिलं नाही. चाळीस वर्षं बँकेत आणि दहा वर्षं सोसायटीत त्यांनी लोकांना असले फरक सांगितले होते. आपण होऊन विचारणारा हा पहिला माणूस. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. "ब्लर्ड म्हणजे कडा फाटतात, नेम चुकतो," ते म्हणाले. "हेझी म्हणजे कडा जागेवर असतात, पण मध्ये काहीतरी आलेलं असतं. मला हेझी दिसतं. आणि दिव्याभोवती कडं."

"वा," डॉक्टर म्हणाले, "इतकं नीट कोणी सांगत नाही. नेम चुकला असता तर चष्म्याचा नंबर बदलून भागलं असतं. तुमच्या आतल्या भिंगावरच सावट आलंय. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत."

बाहेर बाकावर बसल्यावर काकूंनी पिशवीतून ती लांबट वही काढली. कशाला आणली होती कोण जाणे. ऑक्टोबरचं पान उघडून त्यांनी ते काकांच्या मांडीवर ठेवलं, बोलल्या काही नाहीत. काकांनी पान डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि खिशातलं लाल पेन काढलं. स्वतःच्या अक्षरावर ते चालताना मी पहिल्यांदा पाहिलं. काहीही न खोडता त्यांनी समासात एवढंच लिहिलं : 'नोंदी बरोबर. ठिकाण चुकलं.'

महिन्याच्या अंतराने दोन्ही ऑपरेशनं झाली. जानेवारीत डॉक्टरांनी काळा चष्मा उतरवायची परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला काका गच्चीवर हजर. मीही गेलो, म्हटलं, आता मनोरा कसा दिसतो ते त्यांच्या तोंडून ऐकू. ते कठडा धरून उभे होते, चेहरा पार उतरलेला.

"गेलं," ते म्हणाले. "एवढं बिल भरलं, थेंब वेळेवर घातले. टाकी दिसत नाही."

जिन्यातून काकू वर आल्या, पदराने नाक झाकून. "खाली चला बघू. शेजारची गच्चीसुद्धा दिसत नाहीये, इतकी धुई पडलीये."

"तुला दिसत नाही?" काकांनी विचारलं. "शेजारची गच्ची? तुला?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली.

बघता बघता त्यांची तर्जनी नाकासमोर उभी राहिली.

"धुई काय म्हणतेस," ते म्हणाले, "डेन्स फॉग आहे. वही आण."