येण्याला कारण लागतं

आलासा होय वहिनी? काल रात्री तुमच्या स्वयंपाकघरात दिवा दिसला, तेव्हाच ह्यांना म्हटलं, पुण्याची मंडळी उतरली बघा. किती दिवस कुलूप घराला! तुमची जास्वंद बघितलीत का? पार कुंपण ओलांडून आमच्या कपड्यांच्या दोरीवर चढलीय. छाटली नाही मी. फुलं मात्र रोज देवाला घेतली, आधीच सांगून टाकते.

आधी बाळंतिणीचं सांगा. झोपू देतंय का बाळ? नाही ना, मला वाटलंच. तुमची लेक लहानपणी रात्रभर जागायची, आता फेड म्हणावं. बारशाचे फोटो बघितले मी, पण फोटोत सगळ्यांच्या साड्या दिसतात, पोर कुठं दिसतंय! कुंची तेवढी ओळखली. मी शिवलेलीच ना? मग झालं.

बरं, आता इकडचं ऐका, कारण तुम्हाला कुणी नीट सांगणार नाही. कोपऱ्यावरचा बंगला पाडला. होय, तोच, दारात बकुळ होती तो. सकाळी जेसीबी आला, संध्याकाळी नुसती पायरी उरली. आता तिथं सहा मजले उठणार म्हणे, खाली गाड्या, वर माणसं. दोन्ही मुलगे परदेशातून सह्या करायला आले आणि उतरले कुठं, तर हॉटेलात! ज्या घरात मुंजी झाल्या त्याच्यापासून हाकेवर, हॉटेलात. मी विचारलं थोरल्याला, "अरे, आमच्याकडं यायचं होतंस की." तर म्हणतो, "काकू, एका दिवसासाठी कशाला त्रास?" त्रास म्हणे! त्याच्या मौंजीत मी त्याच्या आईबरोबर पहाटेपर्यंत करंज्या तळल्यात.

अप्पांना हे पाडापाडीचं काही वाटत नाही हो. ते म्हणतात, माझ्या लहानपणी विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरजेच्या मधला माळ. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज, १९४७ चं वालचंद, बाकी बाभळी. इकडं राहायला जाणाऱ्याला गावभागातली माणसं विचारायची, "तिथं किराणा कुठून आणणार?" आता गावभागातलं निम्मं गोत इकडंच आहे. आम्ही तरी कधी आलो? २००५ च्या पुरानंतर. वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या, सामान ट्रॅक्टरमधून इथं उतरलं, आणि पहिला चहा तुमच्याकडचा. तेव्हापासून हे कुंपण नावालाच.

थांबा हं, कुकर बंद करून येते.

हां, तर मुख्य बातमी. अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलंय. तुळशीची लग्नं आटोपली की येणारा पहिला रविवार. जन्म १९४४ च्या डिसेंबरचा. दोन पौर्णिमांत साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त धरले, तर हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि १० महिने लागतात. गुरुजींनी सांगायच्या आधी अप्पांनी हा हिशेब स्वतःच वहीत मांडला होता. जन्मभर हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, आकडा चुकायचा नाही. पण मग त्यांनी एक नवीनच काढलं. म्हणाले, "पौर्णिमा हजार झाल्या खऱ्या, पण दर्शन कुठं झालं? पावसाळ्याचे चार महिने ढग. ते वजा टाका." आणि खरंच वजा टाकून बसले. त्या हिशेबानं त्यांचं सहस्रचंद्रदर्शन १२१ व्या वर्षी येतंय. मी म्हटलं, "अप्पा, तोवर मी नसेन, आत्ताच उरकून घ्या."

गुरुजींची यादी आलीय. चांदीची चंद्रप्रतिमा, ८१ पणत्यांचं औक्षण, तुला. तुला कशाची करायची यावर आमच्याकडं आठवडाभर वाद. नणंद म्हणते पुस्तकांची करा, वाचनालयाला देऊ. सासूबाई म्हणतात गुळाची, मार्केट यार्डातून रवे आणायचे आणि नंतर सगळ्यांना वाटायचा. आमची नात म्हणाली, भडंगाची करा! वहिनी, अप्पांच्या वजनाचं भडंग म्हणजे ढीग छताला लागेल. पण तिला ते फारच पटलंय. अखेर गूळ ठरलाय, आणि नातीच्या समाधानासाठी आल्यागेल्याला भडंगाची पुडी.

आणि हार घालायचे एकमेकांना, म्हणून सासूबाईंना नवी नऊवारी घेतली. त्यावर अप्पांनी काय म्हणावं? "मला या वयात भुजंगनाथ करू नका." म्हाताऱ्या नवरदेवाचं नाटक लिहिणारे देवल इथले हरिपूरचेच, त्यामुळे आमच्याकडं 'शारदा'चे दाखले भाजीच्या दरासारखे रोजचे. १८९९ चं नाटक, पण अप्पा बोलतात असं की जणू कालच भावे नाट्यमंदिरात बघून आलेत. सासूबाई कमी नाहीत हो. म्हणाल्या, "भुजंगनाथाकडं पैसा तरी होता."

अप्पांची स्वतःची मागणी एकच. सकाळी कार्यक्रमाआधी हरिपूरला नेऊन आणा, संगमेश्वराला. कृष्णा आणि वारणा तिथं मिळतात, ते बघायचंय. खरं कारण मला ठाऊक आहे, त्यांना पेवं होती ती जागा बघायचीय. तुम्ही बघितली नसतील. जमिनीत खोल खड्डे, तोंड अरुंद, आत शेकडो पोती हळद. हवा लागायची नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. तो विझला नाही तरच माणूस आत जायचा. २००५ ला त्या पेवांत पाणी शिरलं आणि किती जणांचा किती माल गेला! अप्पा आजही कुणाकुणाची किती पोती होती ते सांगतात. सांगलीच्या हळदीला २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्यांनी पेपर वाचून दाखवला. अप्पा म्हणाले, "कागद आला, पेवं गेली." आणि पेपर घडी करून ठेवला.

आता येणार कोण, ते ऐका. थोरली हैदराबादहून, धाकटा बाणेरहून, नणंद ठाण्याहून. पुतण्या जर्मनीत असतो, तोही येतोय. सगळे म्हणजे सगळे! मला विश्वास बसत नाही. मागच्या गणपतीत धाकटा आला होता, म्हणजे कसा? आपल्या गणपती मंदिरातला चोर गणपती जसा प्रतिपदेला गुपचूप येऊन बसतो ना, तसा. बातमी नाही, गाजावाजा नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बॅग भरतोय.

एक बघा वहिनी. पूर्वी नणंद रात्रीच्या महालक्ष्मीनं यायची. अंग मोडून यायचं बिचारीचं, पोरं रडवेली, वळकट्या, पाण्याचा तांब्या. पण एवढा त्रास काढून आलंय माणूस म्हटल्यावर आठवडाभर हलायचं नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून वंदे भारत सांगलीला थांबते. पुण्याहून साधारण चार तासांत माणूस दारात, इस्त्री न मोडता. आणि आल्याआल्या पहिला प्रश्न, परतीची गाडी केव्हा! गाडी वेगात आली आणि मुक्काम गेला. मी गाडीला नावं ठेवत नाही. तुम्ही लेकीच्या वेळी कशा झटकन पोचलात, त्याच गाडीनं ना? पण पोहोचायला सोपं झालं म्हणून माणसं जास्त येतात, असं काही मला दिसलं नाही.

म्हणून मी आता कारणं काढते. होय, सरळ सांगते. "सहज ये" म्हटलं की कुणी येत नाही. "सुट्टी नाही गं आई." कार्य म्हटलं की सुट्टी मिळते. हे सहस्रचंद्रदर्शन गुरुजींनी सुचवलं असं सगळ्यांना वाटतंय. गुरुजींना कुणी सुचवलं, ते तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांनासुद्धा माहीत नाही.

कारण नसताना माणसं जमली होती ती एकदाच, पुरात. आठवतंय ना २०१९? आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आपल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. १९२९ चा पूल तो, शेजारी नवा झाला तरी पाणी मोजायला आपल्याला आयर्विनच लागतो. आणि त्या ऑगस्टला आकडा ५७ च्या वर! २००५ ला ५३ चढलं होतं, त्याच्या वर पाणी येत नाही असं अप्पा चारचौघांत सांगून बसलेले. गावभागातलं सगळं गोत आमच्याकडं आलं, आमच्याकडं मावेनात ते तुमच्याकडं. दूध नाही, पेट्रोल नाही, बाहेरगावचे रस्ते बंद. ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली त्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

आणि आमच्या चुलतसासूबाई! वाड्याच्या वाटणीवरून आमच्याशी बोलणं टाकलेल्या. होडीतून उतरून थेट तुमच्या हॉलमध्ये आल्या, हातात एक पिशवी, त्यात देव आणि रेशनकार्ड. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापायला लागल्या. वाटणीचा विषय दोघींनीही काढला नाही, कारण वाटायचं ते पाण्याखालीच होतं. पुढं वर्षभर फोन करायच्या. गेल्या आता.

त्यातच सुनेचे दिवस भरले. नशीब, मिरजेकडं जाता येत होतं. मिरजेला दवाखान्यांची काय कमी, कर्नाटकातून माणसं येतात तिथं. नात झाली. नाव कृष्णा ठेवायचं धाकट्यानं काढलं. अप्पा बिथरले. "जिनं वाडा पाडला तिचं नाव घरात?" सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जन्मभर हळदीवर पगार घेतलात, ती कुणाच्या पाण्यावर पिकत होती?" झालं, नाव ठरलं. तीच ही भडंगवाली.

तर तुमचं काय ठरलं? म्हणजे घराचं. मला सगळं कळतं हो, तुमचे जावई परवा फोनवर ह्यांना विचारत होते, विश्रामबागेत गुंठ्याचा भाव काय चाललाय म्हणून. उगाच कोण विचारतंय? आमच्याकडंही तो बिल्डर येऊन गेला. दोन्ही प्लॉट एकत्र दिले तर चांगला भाव देतो म्हणाला. मधलं कुंपण काढून टाकू, म्हणाला. मी चहा दिला आणि वाटेला लावला. तुम्हाला पुण्यात राहायचं तर खुशाल राहा, नातवंडाचा मोह मला काय कळत नाही? पण अकराव्या मजल्यावर कुणाशी बोलणार तुम्ही? परवा फोनवर म्हणालात ना, शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईचं नाव अजून माहीत नाही म्हणून. पाच महिन्यांत! इथं तुम्ही काल रात्री आलात आणि आज सकाळी दूधवाल्यानं मला विचारलं, एक पिशवी वाढवू का.

विकायचंच झालं तर विका, मी कोण अडवणार. एवढंच म्हणणं की रविवारच्या आधी सही करू नका.

का म्हणजे? अहो, जागा लागणार आहे! माणसं मोजलीत मी, आमच्या घरात निम्मीच बसतात. हॉटेल बघतो, असं धाकटा म्हणाला होता. मी म्हटलं, याद राख. तर वहिनी, तुमच्या वरच्या दोन खोल्या द्या मला शुक्रवारपासून सोमवारपर्यंत. गाद्या आहेत आमच्याकडं, चादरी धुवून ठेवल्यात. चुलतसासूबाईंचा मुलगा येणार आहे, त्याला तुमच्याच हॉलमध्ये झोपायचंय, पुरात तिथंच होता म्हणून. नणंदेला खालची बाथरूम लागते, गुडघे गेलेत तिचे, तेवढं जमवा.

आणि लेकीला सांगा बाळाला घेऊन यायला. सव्वा महिना केव्हाच झालाय, आता कसलं निमित्त सांगता? अप्पांच्या मांडीवर घालू. बुकिंग आजच करायला सांगा, शनिवारची गाडी भरते. निघायचं तिकीट मात्र बुधवारच्या आधीचं काढू नका म्हणावं.

पत्रिका संध्याकाळी घेऊन येते, कुंकू लावून रीतसर. आणि आहेर आणायचा नाही हं. पत्रिकेत छापलंय ते खरंच आहे.