लग्नाच्या मांडवात कोमल गंधार

झाडीपट्टीच्या नाटकाला गिटार लागत नाही. ऑर्गन, तबला आणि अलीकडे ऑक्टोपॅड, एवढ्यावर भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतचं पब्लिक रात्रभर जागतं. तरी दिवाळीनंतरच्या मंडईत, साकोली तालुक्यातल्या एका गावी, मी वादकांच्या रांगेत गिटार घेऊन बसलो होतो, कारण नाटकाचा निर्माता माझा मावसभाऊ. कलेच्या प्रांतात याहून मोठी पात्रता लागत नाही.

दुसरी पात्रता मायनर पेंटाटॉनिकची. गिटार शिकणारा बहुधा पाच सुरांचा हाच साचा आधी शिकतो आणि पुष्कळ जण जन्मभर तिथंच मुक्काम ठोकतात. डोळे मिटून तो वर-खाली फिरवला की आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. निदान डोळे मिटलेले असेपर्यंत.

दुसऱ्या अंकात लग्नाचं गाणं होतं. ऑर्गनवाले मास्तर म्हणाले, "पांढरी पाच." म्हणजे आम्हा गिटारवाल्यांचा जी मेजर, सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाट. मधल्या म्युझिकला त्यांनी मान हलवली आणि मी पंधराव्या फ्रेटवर माझा साचा सुरू केला. ऑर्गनवर शुद्ध गंधार, माझ्याकडे कोमल. बी. बी. किंगसारखे ब्लूजवाले ही गंमत जाणूनबुजून करतात, आणि त्यात गोडीही असते. पण त्यांच्यासमोर कोणी अक्षता घेऊन उभं नसतं. नवरदेवाचा चेहरा पडला. पुढच्या ताडपत्रीवरच्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, "कोन मेला वं?"

पाय मारता मारता मास्तर वाकून म्हणाले, "भूप वाजव ना गा!"

सा रे ग प ध, हा भूप. यालाच आम्ही मेजर पेंटाटॉनिक म्हणतो. नवीन काही शिकावंही लागत नाही, तोच साचा तीन फ्रेट मागे सरकवायचा. पुढच्या कडव्याआधी सरकवला. एकही स्वर चुकला नाही, तरी सूर रडकाच! साचा सरकला होता, खोड सरकली नव्हती. बोट सवयीनं जिथं विसावत होतं तिथं आता सा नव्हता, धैवत होता. भूप आणि देसकार, दोघांचे स्वर हेच पाच. पण भूपाचा वादी गंधार, देसकाराचा धैवत. नुसत्या मुक्कामाच्या जागेवरून आपल्याकडे राग बदलतो, हे मला भर मांडवात कळलं. मास्तरांना ते दोन ओळींत कळलं होतं. म्हणाले, "देसकार सकारचा हाय. नाटक सुटाले टाइम हाय अजून."

मध्यंतरात चहा घेताना त्यांनी शिकवणी घेतली. "पयले मुखडाच वाजव. मंग त्याले नटव." आणि थांबायचं ते ऑर्गन ऐकून: सा-च्या कॉर्डवर गंधाराला, मध्यमाच्या कॉर्डवर धैवताला, पंचमाच्या कॉर्डवर निषादाला. हा निषाद भूपात नाही, तेवढ्यापुरता उसना आणायचा. इतकी साधी गोष्ट क्लासात इतकी फी भरून मला कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा माझे डोळे मिटलेले असावेत. मायनरमध्ये कुठंही थांबा, लोक दुःख समजून माफ करतात. मेजरमध्ये चुकीच्या जागी हसणारा माणूस लगेच दिसतो.

शेवटच्या अंकात बारशाचं गाणं आलं. मुखडा जसाच्या तसा वाजवला, एक छोटी मुरकी घेतली, गंधारावर उतरलो आणि वन्स मोअर आला. तो नाचणारीला होता, हे मावसभावानं आवर्जून सांगितलं.

यंदाच्या मंडईचंही बोलावणं आलं आहे. नाटक नवीन आहे, दोन लग्नं आणि तीन मरणं. मरणं माझ्याकडे आहेत.