दहा दिवसांचे भंते

मे महिन्यातल्या धुळ्याच्या उन्हात, डोक्यावर नुकत्याच उगवलेल्या खुंटांवर ओला रुमाल टाकून फिरणारा साठीतला माणूस दिसला, की समजावं हा श्रामणेर शिबिर करून आलाय. खात्री करायची असेल तर फक्त ‘किती वाजले?’ विचारा. बारा वाजायला किती मिनिटं आहेत, ते तो सांगेल.

आमच्या देवपुरातले जिभाऊ असेच. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर बौद्धाचार्य व्हायचं मनात आलं आणि त्यांनी शिबिरात नाव घातलं. बाबासाहेबांनी 1955 साली स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा अशी शिबिरं गावोगावी भरवते. दहा दिवस चीवर, दहा शील. तुम्ही आम्ही रोज म्हणतो ती पाच, आणि वर आणखी पाच: दुपारनंतर जेवण नाही, नाचगाणी नाहीत, अत्तर-माळा नाहीत, उंच पलंग नाही, पैशाला हात लावायचा नाही. शिवाय पाचातलं तिसरं इथं पूर्ण ब्रह्मचर्याचं होतं. वहिनींना ते सांगताना जिभाऊंचा आवाज इतका गंभीर झाला, की त्या पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

जाण्याआधी आईची परवानगी. सिद्धार्थाचा मुलगा राहुल हा पहिला श्रामणेर. घरात कुणाला न विचारता नातू संघात गेला म्हणून शुद्धोदन कळवळला, आणि तेव्हापासून आईवडिलांच्या संमतीचा नियम झाला. जिभाऊंनी ही सगळी कथा म्हाताऱ्या आईला सांगून मग हात जोडले. म्हातारी म्हणाली, “जिंदगीभर काही इचारं नही, आते कशाले इचारस? जाय!”

डोक्याचं काही नव्हतं, मिशी गेली ते लागलं. मुंडणाच्या वेळी केस, रोम, नखं, दात, त्वचा या पाचांच्या अनित्यतेचं चिंतन करायला देतात. जिभाऊंचे दात आधीच कवळीचे. “आपलं वीस टक्के चिंतन घरूनच झालेलं होतं,” असं ते अभिमानाने सांगतात.

पैशाचं शील त्यांना सोपं वाटलं होतं. पण इतकी वर्षं खांद्याला चामडी बॅग लटकवलेला माणूस. भिक्षेच्या रांगेत कुणी पात्रात पोळी ठेवली, की उजवा हात आपोआप कमरेपाशी जाई, सुटे द्यायला. रात्रीची भूक मात्र खरी परीक्षा होती. संध्याकाळी पेय चालतं म्हटल्यावर त्यांनी भंतेजींना शंका विचारली: चहा पेय आहे हे मान्य, पण बिस्कीट चहात बुडवून पूर्ण विरघळलं, तर त्याला पेय म्हणावं की भोजन? भंतेजी हसले. बिस्कीट मिळालं नाही.

भोजनदानाच्या दिवशी आम्ही सगळे गेलो होतो. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी असा थाट, आणि सगळं अकराच्या आत. म्हातारी पुढे आली, वाढलं आणि पोराच्या पायाशी वाकली. चीवर अंगावर असताना उलट वाकून नमस्कार करायचा नसतो. एसटीत चाळीस जणांना एका दमात गप्प करणारे जिभाऊ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांची नजर पात्रातून वर आली नाही. उठताना म्हातारी एवढंच म्हणाली, “वाळी गया व माय.”

दहाव्या दिवशी चीवर परत केलं आणि पुन्हा पंचशील घेतलं. म्हणजे रात्री जेवायला मोकळीक. पण जिभाऊंनी ही गोष्ट घरात जाहीरच केली नाही. दुपारी साडेअकरापासून स्वयंपाकघराच्या दारात फेऱ्या. “विकाल होतोय, विकाल!” शेवटी वहिनींनीच छडा लावला. रात्री दहाला फडताळात डबा वाजला, तेव्हा त्या अंधारातून म्हणाल्या, “भंते, शेव खालच्या फळीवर आहे.”

कुणी ‘दहाच दिवस?’ म्हटलं की त्यांचं उत्तर तयार असतं. ब्रह्मदेशात, थायलंडमध्ये घरोघरची मुलं अशी थोड्या काळापुरती संघात जाऊन येतात. “अहो, थायलंडचा राजा भूमिबोल पंधरा दिवस भिक्खू झाला होता! कधी? ऑक्टोबर 1956. आपली नागपूरची दीक्षा 14 तारखेला, राजाची 22 ला. आठ दिवस आपण पुढे!” हा हिशेब ते दर 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावरही सांगतात. 1937 साली त्या तारखेला बाबासाहेब कोर्टाच्या कामानिमित्त धुळ्यात आले आणि त्या बंगल्यात थांबले, म्हणून तिथं दरवर्षी माणसं लोटतात. गर्दीत जिभाऊ पांढऱ्या कपड्यांत, ओळखीच्या प्रत्येकाला गाठून हात जोडत, “नमो बुद्धाय, जयभीम. शिबिराचं काय ठरलं तुमचं?” ओळखीचे आता थोडे लांबून जातात.

पण लग्न लावायला मात्र सगळ्यांना जिभाऊच हवेत. आवाज खणखणीत, पाली स्वच्छ, आणि वेळेच्या बाबतीत एसटीला कधी जमलं नाही ते ते करून दाखवतात. परवा साक्री रोडला लग्न होतं. पत्रिकेत 12 वाजून 35 मिनिटं. मंडप भरलेला, नवरी हजर, आणि वरात अजून डीजेसमोर गुंतलेली. जिभाऊंनी घड्याळ पाहिलं, मेणबत्ती लावली, माइक घेतला आणि त्रिसरण सुरू केलं. नवरीचा मामा धावत आला. “जिभाऊ, नवरदेव तरी येऊ द्या!”

“त्यांना सांगा, गाडी सुटली.”

निरोप पोचला. नवरदेव घोडीवरून उतरला आणि फेटा सावरत पळत सुटला, मागून करवल्या, त्यामागे बँडवाले. मंडपाच्या तोंडाशी सगळ्यांची एकच दाटी झाली. जिभाऊंनी पंचशील चौथ्यावर थांबवलं, माइक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, “पुढे सरका, पुढे सरका. आत जागा आहे.”