शुक्रवारची एस.टी.

मालेगावात कार्यक्रम ठेवायचा तर शुक्रवारी. त्या दिवशी यंत्रमागांना सुट्टी असते आणि माणसांना आपापले कान परत मिळतात. आमच्या नाट्यसंस्थेनं दिवाळीच्या सुट्टीतला प्रयोगही शुक्रवारचाच धरला आणि प्रकार निवडला नभोनाट्य. रंगमंचावर चार माईक, हातात कागद, बाजूला आवाज काढणाऱ्याचं टेबल. प्रेक्षकांनी डोळे मिटून ऐकायचं. दिग्दर्शकांनी कलात्मक कारणं पुष्कळ दिली. खजिनदारांना एकच पुरलं: नेपथ्याचा खर्च शून्य. संस्थेच्या खात्यातही साधारण तेवढीच रक्कम होती.

दिग्दर्शक ‘पुन्हा प्रपंच’वर वाढलेले. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी आकाशवाणीवरून घरोघर जात, तेव्हा त्यांच्यासाठी कुणी भिंत रंगवली होती का, असं ते रोज विचारत. त्यांचं दुसरं दैवत ऑर्सन वेल्स. या गृहस्थानं 1938 साली, हॅलोविनच्या आदल्या रात्री, नुसत्या आवाजावर मंगळावरची फौज न्यू जर्सीत उतरवली आणि काही श्रोते खरोखर हादरले. “आपल्याला तर एकच जावई नाशकाहून मालेगावात आणायचाय!”

जावई दिवाळसणाला एस.टी.नं निघतो, राहूड घाटात गाडी बंद पडते, एवढंच नाटक. या गावाला ते जड जाऊ नये. इथे शेख नासिर यांनी सायकलवर कॅमेरा फिरवून सिनेमे काढले, ‘मालेगाव के शोले’ केला, हिरव्या कापडापुढे आडवा धरून सुपरमॅन उडवला. त्यावर 2008 साली माहितीपट झाला, पुढे रीमा कागतींचा हिंदी सिनेमाही आला. पण सुपरमॅन उडवणं सोपं, एस.टी. चालवणं अवघड.

पाऊस सुपातल्या तांदळानं पाडला, वीज पत्रा हलवून कडाडली, फटाके कागदी पिशव्या फोडून झाले. इंजिन काही जमेना. मिक्सर लावून पाहिला. गाडी सुटण्याऐवजी चटणी वाटल्यासारखं झालं. आमच्या तालमीच्या हॉलला लागूनच मागांचा कारखाना. दिवसरात्र खटक-खटक. एका संध्याकाळी दिग्दर्शक अचानक उठले, मधलं दार उघडलं आणि म्हणाले, “ही घ्या तुमची एस.टी.!”

खरोखर होती. दार उघडलं की गाडी सुटायची, लोटलं की बंद पडायची. खिडक्यांच्या काचांसकट सगळं वाजायचं. फक्त त्यावर आवाज चढवून बोलावं लागे. नायिका जावयाच्या कानात जे कुजबुजायची, ते मोसम पुलापर्यंत जात असावं.

प्रयोग शुक्रवारी, त्याच हॉलमध्ये. कंडक्टरनं डबल बेल दिली. दिग्दर्शकांनी ऐटीत दार उघडलं. पलीकडे अंधार, आणि मागांवर चढवलेलं अर्धवट कापड. शुक्रवारी माग बंद असतात, हे गावातल्या लहान पोराला ठाऊक. कलावंतांना कोण सांगणार?

सवयीनं जावई बेंबीच्या देठापासून ओरडला, “केवढा हा आवाज, कंडक्टर!” हॉलमध्ये टाचणी पडली असती तर कंडक्टरच्या आधी तिनं उत्तर दिलं असतं. शेवटी आवाजवाला पोरगा पुढे आला. एका हातानं पत्रा, दुसऱ्यानं डबा, आणि तोंडानं घर्रर्र करत त्यानं गाडी घाटात नेली, बंद पाडली, पुन्हा सुरू केली. डोळे मिटणं राहिलं बाजूला. लोक खुर्च्यांवर चढून त्याच्याकडे पाहू लागले. मागून एक आजी ओरडली, “सरक ना रे भो, माले दिखत नही!” डोळे मिटून बसलेलं एकच मूल होतं. ते झोपलं होतं.

टाळ्या मात्र खच्चून पडल्या. सगळ्या पोराला.

प्रयोग संपल्यावर कारखान्याचे मालक आत आले आणि दिग्दर्शकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पहले बोलना था ना, मास्टर! दो लूम चालू रखवा देता. बस, गाडी घाट में इतनी देर मत घुमाना. मीटर मेरा है.”