ऊठ, नाहीतर पुन्हा झटका देतो!

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातलं पॉवेल ग्रंथालय, १४ नोव्हेंबर २००६, रात्री अकरानंतर. एका विद्यार्थ्यानं ओळखपत्र दाखवायला नकार दिला. असल्या घोर अपराधाला विद्यापीठाच्या पोलिसांनी विजेचा इलाज काढला.

विजेचा झटका देणारा टेसर थेट अंगाला टेकवून चालवला, की स्नायू पूर्ण आखडत नाहीत, नुसती कळ जाते. उद्देशच तो. पोरगा अंग सैल सोडून जमिनीवर पडलेला, तर हुकूम काय, ‘ऊठ!’ न उठल्यास पुन्हा झटका. असे अनेक. त्यातले काही तर हातकड्या घातल्यावर. हे सारं मोबाइलवर चित्रित झालं. बघ्यांपैकी एकानं पोलिसाचा बिल्ला क्रमांक विचारला, तर त्यालाही टेसरचीच धमकी.

‘मुकाट्यानं कार्ड दाखवलं असतं तर?’ असं विचारणारे तेव्हाही होते. खरंच आहे. पण कार्डाच्या कसुरीला बाहेर काढतात, करंट देत नाहीत.

पोलिसांनी स्वतःची चौकशी केली आणि स्वतःला निर्दोष ठरवलं. स्वतंत्र चौकशीनं मात्र नियम मोडल्याचं लिहिलं. २००९ मध्ये विद्यापीठानं तडजोडीत २ लाख २० हजार डॉलर मोजले.