दोन मामा आणि एक काकू

कोलकात्याजवळच्या बजबजमध्ये आमच्या तात्यांना सगळी गल्ली 'काकू' म्हणते. बंगालीत काकू म्हणजे काका. तात्या साताऱ्याहून इथल्या तेलाच्या डेपोत नोकरीला आले तेव्हा पंचविशीत होते, त्यामुळे बरीच वर्षं 'दादा'वर भागलं. केस पिकल्यावर चहावाला एकदा "बोशून, काकू" म्हणाला, तेव्हा तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. रागाने नव्हे. खात्री करून घेतली.

खात्री करून घेणं हा तात्यांचा धर्म. डेपोत त्यांचं काम टाकीचा डिप घेण्याचं. वजन लावलेली टेप टाकीत सोडायची, टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट फासायची; तळाला पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. वरून झकास दिसणाऱ्या तेलाखाली पाणी शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याला निवृत्तीनंतर सगळं जगच टाकी वाटलं तर नवल नाही. पेट्रोल पंपावर फिल्टर पेपर मागून त्यावर थेंब टाकून बघायचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. तो बजावणारं गिऱ्हाईक मी तरी एकच पाहिलं. मासळीबाजारात इलिशचे कल्ले उघडून बघतात ते सगळेच. तात्या विचारतात, "पद्मा नदीचा कशावरून?" १९ फेब्रुवारी १८९७ रोजी विवेकानंद बोटीतून बजबजला उतरले आणि इथूनच रेल्वेने सियालदहला गेले, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. तात्यांना त्या गाडीचं तिकीट कुणी तपासलं ते हवं आहे.

अशा माणसाला पोलिसांचा ईमेल आला.

सकाळी सहाला ते माझ्या दारात. हातात प्रिंट, चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद. मागोमाग काकी, त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक. पत्रात म्हटलं होतं की तुमच्या इंटरनेटवरून मुलांची अश्लील चित्रं पाहिली गेली आहेत, पोक्सो लागतो, आयटी कायदा लागतो, २४ तासांत उत्तर आलं नाही तर अटक. वर सीबीआय, दिल्ली पोलीस, इंटरपोल अशी चिन्हं लग्नपत्रिकेवरच्या कुलदैवतांसारखी ओळीने मांडलेली.

"अहो, खरं असलं तर?" काकी.

"तू गप गं. रिटायर झाल्यापासून इतका चांगला नमुना हाती आला नव्हता."

मग माझा मोबाईल घेऊन त्यांनी शिकवणी सुरू केली. "पाठवणाऱ्याचं नाव 'सायबर पोलीस'. त्याखालचा छोटा बाण दाब." दाबला. खरा पत्ता उघडला, तो जीमेलचा. "दिल्लीचा साहेब जीमेलवरनं नोटिसा धाडतो होय? सरकारला गव्ह डॉट इन आहे, एनआयसी डॉट इन आहे. आणि पत्ता कायम शेपटाकडून वाचायचा. गाडीच्या शेवटच्या डब्यावर एलव्हीची पाटी असते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी अख्खी आली. मध्येच कुठे 'गव्ह' लिहिलंय त्याला काय जाळायचंय? संपतं कशावर ते बघ."

"म्हणजे शेपूट बरोबर असलं की खरं?"

"छे! शेपूटही चिकटवता येतं. मग ठाण्याला फोन करायचा. पत्रातल्या नंबरावर नाही, आपण शोधलेल्या."

एवढ्यावर थांबतील तर ते तात्या कसले! भिंग काढलं. "सिंह आहेत. खाली 'सत्यमेव जयते' कुठाय? नेमकं सत्य गाळलंय बघ मेल्यांनी." मग कायदा. २१ जानेवारी २०२५ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की पोलिसांची चौकशीला बोलावणारी कलम ३५ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा तसल्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावता येत नाही. असली पत्रं बनावट असल्याचं सरकारच्या पीआयबीने कितीदा तरी जाहीर केलंय. काकींचा रंग परत आला. पोलिसाला मामा म्हणायची खोड बंगाल्यांनाही आहे. कुणीतरी मामाच्या नावावर आम्हालाच मामा बनवायला निघाला होता, इतकं स्पष्ट झालं.

मला वाटलं, संपलं. पण टोटो, म्हणजे ई-रिक्षा, करून तात्या ठाण्यात गेले. ड्यूटीवरच्या बाबूने कागदावर नजर टाकली. "फेक, काकू. डिलीट कोरे दिन." तात्या दुखावले. "अहो, न तपासता फेक कसं म्हणता? ह्यावर 'खोटे' असा शिक्का मारून द्या." शिक्का मिळाला नाही, बिनसाखरेचा चहा मिळाला.

पुढच्याच महिन्यात बजबज लोकलमध्ये त्यांचा मोबाईल गेला. तात्यांनी ठाण्याच्या जनरल डायरीत तक्रार, म्हणजे जीडी, नोंदवली, सीईआयआरच्या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक केला, त्याच नंबराचं नवं सिम घेतलं. सगळं चोख. काही आठवड्यांनी मेसेज आला: फोनचा माग लागलाय, ठाण्याशी संपर्क साधा. तात्या हसले. मग फोन आला, "काकू, आपनार फोन पाओया गेछे." तुमचा फोन सापडलाय.

"आता ओटीपी विचाराल," म्हणून तात्यांनी तोडला.

दुसऱ्यांदा त्या माणसाने ठाण्याच्या मोठ्या बाबूंचं नाव सांगितलं. "ते नेटवरही सापडतं." तोडला. तिसऱ्यांदा तात्यांनीच विचारलं, "मी आलो होतो तेव्हाच्या चहात साखर होती का?" तो बिचारा नवा बदलून आलेला. तोडला.

शेवटी सायकलवर ठाण्याचा एक सिव्हिक व्हॉलंटियर आला. तात्या कोलॅप्सिबल गेटच्या आत, पोरगा बाहेर उन्हात. ओळखपत्र गेटच्या फटीतून आत गेलं, नोटेसारखं उजेडाला धरलं गेलं, उलटं झालं, नखाने खरवडलं गेलं. मग वेबसाइटवरून ठाण्याचा नंबर काढून तात्यांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "मुलगा आमचाच आहे, काकू. पाया पडतो, आज येऊन जाच."

साक्षीदार म्हणून मला बरोबर नेलं. ठाण्यात टेबलावर फोन होता. तात्यांनी डायरी उघडून आयएमईआयचे पंधरा आकडे मोठ्याने वाचले, नव्या बाबूंनी ते स्क्रीनवर बोट ठेवून जुळवले. जुळले. बाबूंनी जीडीची प्रत घेतली, बिल घेतलं आणि आधार कार्ड मागितलं.

आधारवरचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा, त्यात मिशी काळीभोर. बाबूंनी फोटोकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"एटा आपनि?"

माझ्या पोटात गोळा आला. तात्यांचा चेहरा मात्र उजळला. खुर्ची ओढून ते खिडकीच्या उजेडात बसले, चष्मा काढला आणि मान थोडी वळवून म्हणाले, "बघा, नीट बघा. काही घाई नाही."